झांज वाजली की बंद पडणारा ॲम्प्लिफायर

माझा मोठा भाऊ पुण्याची नोकरी सोडून परदेशी गेला, तेव्हा त्याने आपले इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर मला देऊन टाकले. माणसाएवढे उंच, पण फळीसारखे चपटे. तुमसरच्या आमच्या बैठकीत ते उभे केले तेव्हा बाबांनी विचारलं, "हे स्पीकर होत का खिडकीची जाळी?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. नेहमीच्या स्पीकरमधला कागदी शंकू आणि चुंबक यांत नव्हतेच. छिद्रांच्या दोन पत्र्यांमध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा ताणलेला होता. विजेच्या ओढीने तो पडदाच हलतो आणि आवाज निघतो.

तरुणपणी बाबांची भीमगीतांची पार्टी होती. पवनीतल्या एका कार्यक्रमाची त्यांची कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. घरातल्या होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरला स्पीकर जोडले आणि तीच लावली. बाबांचा तरुण आवाज खोलीच्या मधोमध उभा राहिला. बाबा खुर्चीत पुढे सरकले. मग कोरस आला, झांज वाजली, आणि टक् करून सगळं बंद. पुन्हा लावलं. पुन्हा झांजेपाशीच बंद.

"काहून बंद पडून राहिला?" बाबा म्हणाले. "झांजेले भेते का तो?"

खरंच भीत होता. मी वाचून काढलं तेव्हा कळलं, की स्वर जितका उंच, तितका हा स्पीकर ॲम्प्लिफायरकडून जास्त करंट ओढतो. झांजेच्या खणखणाटाला आमच्या ॲम्प्लिफायरचा दम पुरत नव्हता, म्हणून तो स्वतःला वाचवायला बंद होत होता. मला गंमत वाटली. आता या स्पीकरला कोण पुरतं, ते बघायचंच होतं.

नागपूरच्या एका ओळखीच्या दुकानदाराने दोन ॲम्प्लिफायर ऐकून बघायला दिले. एक जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा, एक ट्रान्झिस्टरचा. माझा कल व्हॉल्व्हकडे होता. बाबांचं बालपण व्हॉल्व्हच्या रेडिओसमोर गेलेलं. त्यांना तोच गोडवा आवडेल, असं मी धरून चाललो होतो.

व्हॉल्व्हचा बंद पडला नाही. गळे मधासारखे लागले. झांज मात्र फडक्यात गुंडाळल्यासारखी वाजली. दुसरा इतका जड, की तो मेजावर ठेवायला आम्ही दोघं लागलो. त्यावर झांज अशी लख्ख आली, की स्वयंपाकघरातून बायको बघायला आली.

बाबांनी दोन्ही परत ऐकले. डोळे मिटून.

"तुम्हाले पहिला आवडला ना?" मी विचारलं.

"पहिला गोड आहे. पण तो रेडिओ वाटते," ते म्हणाले. "ह्याच्यात माणसं आहेत. हाच ठेव."

जरा वेळाने ते एकटेच हसले. "आयकलं का? झांजवाला मागं पडून राहिला. मी तवाच म्हणत होतो, तं भांडला होता माझ्याशी."

झांज वाजवणारे काका अजून पवनीलाच राहत होते. पुढच्या रविवारी बाबांनी त्यांना बोलावून घेतलं. काका आले, चहा घेतला, आणि बाबांनी त्यांना काही न सांगता मला गाणं लावायला सांगितलं. काकांनी पूर्ण ऐकलं. मान खाली घालून पुन्हा ऐकलं.

"मागं नाही पडलो मी," ते शांतपणे म्हणाले. "तू पुढं पळत होता. ढोलकी आयक."

मी तिसऱ्यांदा लावलं. ढोलकी आणि झांज खरोखर एका ठिकाणी पडत होत्या. पुढे जात होता तो बाबांचा आवाज. बाबांनी मांडीवर ठेका धरून पाहिला. मग म्हणाले, "असंन बाप्पा. जोश होता तवा."

गाणं चालूच होतं. काका उठले आणि त्या जाळीसारख्या स्पीकरच्या मागे जाऊन उभे राहिले. पत्र्यापलीकडे त्यांचा पांढरा सदरा अंधुक दिसत होता.

"अरे, इकडूनही तेवढंच आयकू येते," ते म्हणाले. बाबाही उठून त्यांच्या शेजारी गेले.