मास्तरांचा दुसरा ब्रेक

मास्तरांचा देवावरचा विश्वास एका मंगळवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास गेला आणि त्याला कारण झाली सर्दी. मोठं दुःख नाही, जाड पुस्तकं नाहीत, कुणाशी वाद नाही. साधी सर्दी. मी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलामागे बसून फॉर्म भरते आणि फॉर्म भरणाऱ्या बाईला माणसं काहीही सांगतात, म्हणून हे मला ठाऊक.

त्याआधी एकोणीस वर्षं मास्तरांची शिकवण्याची एक पद्धत होती. शिकणाऱ्यानं पट्टा लावला, किल्ली फिरवली, की शेजारच्या सीटवर मास्तर डोळे मिटायचे आणि तास संपेपर्यंत पुटपुटत राहायचे. 'आम्हाला सुखरूप परत आण,' एवढंच, पण हजार वेळा. गाडी थांबली की डोळे उघडून म्हणायचे, "छान. उद्या याच वेळी." मीसुद्धा त्यांच्याकडेच शिकले. मास्तरांकडे शिकलेला माणूस पक्का तयार होतो, असं सगळे म्हणायचे. होणारच. त्या गाडीत रस्त्याकडे बघणारे आम्ही एकटेच असायचो.

त्या मंगळवारी त्यांना इतक्या शिंका येत होत्या की प्रार्थनेची एक ओळ धड पूर्ण होईना. अख्खा तास नाक पुसण्यात गेला. गाडी चालवत होता एक बेकरीवाला, ज्यानं प्रार्थना चालू असताना आमचं फाटक दोनदा पाडलं होतं. त्या दिवशी तो फाटकातून अलगद आत आला. मास्तर माझ्यासमोर येऊन बसले आणि रुमालातून म्हणाले, "आज एक शब्द धड म्हटला नाही. तरी आलो." मी म्हटलं, बरं झालं, इथे सही करा.

पण ते मनाला लावून घेणारे. पुढचे तीन आठवडे त्यांनी एकाआड एक शिकणाऱ्यासाठी प्रार्थना केली आणि माझ्याच वहीच्या मागच्या पानावर खुणा केल्या. प्रार्थनेसह गाडी चार वेळा घासली, प्रार्थनेविना तीन वेळा. मग इतकी वर्षं आपण काय करत होतो, असं त्यांनी मला विचारलं. फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी डोळे उघडे ठेवले आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, हा पूल कधी बांधला? पुलाला नऊ वर्षं झाली होती आणि मास्तर त्यावरून दिवसातून सहा वेळा जात होते. मग त्यांना दुकानं दिसली, झाडं दिसली, एका गल्लीच्या टोकाला तळं दिसलं. बावन्नाव्या वर्षी हा माणूस दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन तळ्यावर जायला लागला. परत आल्यावर बदकं किती होती ते मला सांगायचा. चेहरा असा खुललेला, की मला उगाचच हेवा वाटायचा.

शिकणाऱ्यांना मात्र ते मानवलं नाही. मास्तर आता बोलायला लागले होते. क्लच हळू सोडा, आरशात बघा, ती सायकल दिसली का? तिघांनी लेखी तक्रार दिली की मास्तर सारखे रस्त्याकडे बघतात, त्यामुळे आमचा आत्मविश्वास जातो. मी ती फाईलला लावली.

आणि डोळे उघडे ठेवल्यामुळेच त्यांना पायापाशी असलेला दुसरा ब्रेक दिसला. शिकवणाऱ्यासाठी असतो तो. एकोणीस वर्षांत मास्तरांनी त्याला पाय लावला नव्हता. आता लावला, तर तो भसकन आत गेला आणि तिथेच राहिला. खाली काही जोडलेलंच नव्हतं. मास्तर तडक मालकांकडे गेले. मालकांना यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या गाडीतली जोडणी काढून दुसऱ्या गाडीत टाकली, म्हणाले, कारण त्या गाडीतले सर देव मानत नाहीत. "तुम्हाला कशाला लागतो हो ब्रेक?"

मास्तर तिथे खरं बोलले नाहीत. जोडून द्या, एवढंच म्हणाले. मालकांनी 'पुढच्या आठवड्यात' म्हणून सांगितलं, आणि आमच्या मालकांचा पुढचा आठवडा म्हणजे काय ते मी जाणून आहे.

खरं न बोलण्याचं कारण मालक नव्हते. कारण होती ताई. मास्तरांची मोठी बहीण. आईवडील गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं, प्रार्थनाही तिनंच शिकवली. दर रविवारी सकाळी मास्तर तिला टेकडीवरच्या प्रार्थनाघरात घेऊन जात आणि चार तास शेजारी बसत. बसमधून उतरून चढ चढायचा तर तिचे गुडघे राहिले नव्हते. मन उडाल्यावरही मास्तर जात होते, ओठ हलवत होते. "खोटं बोलतोय असं वाटतं," ते मला म्हणाले, "आणि खरं बोललो तर ती मला टाकेल असंही वाटतं." हा माणूस रडेल की काय, अशी मला भीती वाटली.

सुटकेची एकच वाट होती. ताईला लायसन्स मिळालं की ती स्वतः टेकडीवर जाणार होती. पण ताई चार वेळा नापास झाली होती, आणि चारही वेळा एकाच कारणानं. तिला भावानंच शिकवलं होतं. गाडी चालवताना मनात आधार हवा, हे ती त्याच्याकडे बघून शिकली होती, त्यामुळे मोठा चौक आला की ती डोळे मिटायची. चारही वेळा परीक्षक चौकातच उतरून चालत ऑफिसात परत गेले होते.

पाचव्या परीक्षेच्या दिवशी मला परवाना कार्यालयात कागद द्यायचे होते, म्हणून मी मागच्या सीटवर बसले. आजही मला त्या निर्णयाचं नवल वाटतं. कार्यालयापर्यंत गाडी ताईच चालवत होती, आणि झकास चालवत होती. मग चौक आला. एका बाजूनं विटांचा ट्रक येत होता. ताईनं दीर्घ श्वास घेतला आणि डोळे मिटले.

मास्तरांनी दुसरा ब्रेक दाबला. तो भसकन आत गेला.

"ताई, डोळे उघड," मास्तर म्हणाले. "मी प्रार्थना करत नाहीये. मी देव मानत नाही आता. कुणी बघत नाहीये, तूच बघ."

ताईचे डोळे खाडकन उघडले. तिनं असा ब्रेक मारला की माझे कागद पुढच्या काचेवर जाऊन आपटले. ट्रक समोरून निघून गेला. चौकाच्या तोंडाशी आमची गाडी बंद पडलेली, मागे भोंग्यांचा कल्लोळ, आणि ताई भावाकडे बघतेय.

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

ताईनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे फेब्रुवारीपासून ही गाडी मी एकटीच चालवतेय?"

मास्तरांनी मान हलवली. मला वाटलं, आता ही त्याला इथेच खाली उतरवते. तिनं आरशात पाहिलं, गाडी सुरू केली, क्लच हळू सोडला आणि वाटेतले उरलेले तिन्ही चौक टक्क उघड्या डोळ्यांनी पार केले. परीक्षेत ती पास झाली. परीक्षकांनी परत येताना गाडीतच बसून राहण्याची ही पहिलीच वेळ.

चार दिवस ताई घरात भावाशी बोलली नाही. मास्तर तळ्यावर जायचे बंद झाले. रविवारी सकाळी तिनं मालकांकडून भाड्यानं घेतलेल्या गाडीची किल्ली उचलली आणि दारातून म्हणाली, मी एकटी जातेय.

सोमवारी मास्तर लंगडत ऑफिसात आले. काय झालं म्हणून मी विचारलं. त्यांच्या खिडकीतून टेकडीचा रस्ता दिसतो, सगळी वळणं दिसतात. ताई निघाल्यापासून ते तिथे उभे होते, आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय फरशी दाबत होता. अकरा वळणं. वर पोचायच्या आत पोटरीत गोळा आला.

वरून ताईचा फोन आला. पोचले, म्हणाली. मग विचारलं, माझ्यासाठी प्रार्थना केलीस का रे?

"खोटं बोलावंसं वाटलं," मास्तर मला म्हणाले. "पण नाही म्हणालो. म्हटलं, खिडकीत उभा होतो."

"मग?"

"म्हणाली, पाय दुखत असेल तुझा. तेल लावून ठेव, मी येते."