तळेगावचा पार्टनर

लोकांना शिकवायची मला भारी खोड. आमच्या छोट्या एजन्सीचं काम म्हणजे कारखान्यांच्या वेबसाइटसाठी लेख पुरवणं, आणि आता ते लेख माणसं लिहीत नाहीत, एआय लिहितं. मी फक्त साखळी जोडून देतो. आधी विषय, मग इंटरनेटवर शोध, मग जे मिळेल त्यावरून लेख, आणि लेख आपोआप साइटवर. माझा सकाळचा चहा होईस्तोवर चाकणच्या कुठल्यातरी स्पेअर पार्टवाल्याच्या साइटवर गंज कसा रोखावा यावर लेख पडलेला असतो. वाचतं कोण, देव जाणे.

या साखळीत शोधाची पायरी सगळ्यात दगाबाज. नव्यानं कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला मी घसा कोरडा करून सांगतो, की बाबा रे, शोधायला सांगताना तुला आधीच माहीत असलेलं त्यात कोंबू नकोस. 'अमुक कंपनी फार जुनी आहे, तिची माहिती काढ' असं म्हणालास, तर शोधात काही सापडो न सापडो, कंपनी जुनी असल्याचं लेखात येणारच. तुझंच तुला परत मिळेल, आणि वर मोठ्या ऐटीत मिळेल. म्हणून प्रत्येक माहितीखाली लिंक मागायची आणि ती उघडून बघायची. नुसती लिंक असून काय उपयोग? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण, ही म्हण बहुतेक माझ्यासाठीच केलेली आहे.

मागच्या वर्षी आई गेली, गावी, हिंगोलीकडं. दिवसपाणी आटोपून मी मोशीच्या फ्लॅटवर परत आलो. फ्लॅटवर मी एकटाच, लग्नाचं राहूनच गेलं. ऑफिसच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती आणि तिच्याखालीच कुणीतरी विचारलं होतं, की या आठवड्याचे लेख कोण बघणार. त्यांचा तरी काय दोष? त्यांतल्या एकानंही आईला पाहिलेलं नव्हतं. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या तासलेल्या डोक्याकडं बघून विचारलं, तिरुपतीला जाऊन आलात वाटतं. मी हो म्हणालो. दर्शन छान झालं का, तर तेही छान झालं म्हणालो.

घरात येऊन दार लावलं आणि मला सणकून राग आला. कुणाचा, ते कळेना. एवढ्या मोठ्या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, माझी आई होती हे ठाऊक असलेला एक माणूस नसावा?

एक होता. माझा रूम पार्टनर. मी शिकाऊ म्हणून चाकणला आलो तेव्हा आम्ही दोघं एका पत्र्याच्या खोलीत राहायचो. तोही आमच्याच जिल्ह्यातला, कारखान्यात पत्रे दाबून भाग काढतात त्या प्रेस शॉपमध्ये होता. माझी शिफ्ट सुटली की त्याची लागायची, त्यामुळं गादी कधी थंड झाली नाही. आई एकदा आठवडाभर राहायला आली तेव्हा हा निमूट घरमालकाच्या गच्चीवर झोपला. मावशी मावशी करत तिच्या मागंपुढं फिरायचा, भाकरी थापताना परातीशेजारी बसून गावाकडच्या चौकशा करायचा. त्यानंतर गावाहून डबा आला की त्यात दोन पुड्या असायच्या. आई फोनवर बजावायची, मोठी पुडी त्याची, तू हात लावायचा नाहीस. पोटचा मुलगा मी, आणि मोठी पुडी त्याची.

भांडण नाही, तंटा नाही. त्याचं ट्रेनिंग संपलं, तो दुसऱ्या कंपनीत गेला, नंबर बदलले, आणि राहून गेलं. मी गावाकडच्या दोघातिघांना विचारलं. कुणाला पत्ता नव्हता. मग मी माझंच हत्यार बाहेर काढलं. रोजच्या साखळीला एक शोध जोडला आणि त्यात त्याचं नाव, गाव, प्रेस शॉप, चाकण, जे जे आठवलं ते सगळं घातलं. उत्तर आलं, की हे गृहस्थ मूळचे हिंगोली जिल्ह्यातले असून चाकणच्या प्रेस शॉपमधल्या अनुभवानंतर त्यांनी तळेगाव दाभाडे इथं स्वतःचं फॅब्रिकेशन वर्कशॉप सुरू केलं आहे. खाली पत्ता आणि फोन नंबर होता. लिंकही होती.

मी ती उघडली नाही. मला एवढा आनंद झाला होता की कसली लिंक अन् कसलं काय.

फोन केला नाही, कारण फोनवर सांगायची ती गोष्ट नव्हती. इकडं कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे रविवारी वर्कशॉप चालू असणार, म्हणून रविवारी गाडी काढली. चाकणहून तळेगावच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या मागं धूळ खात मनात तालीम चालली होती. आधी चार शिव्या हासडायच्या, गायब झाल्याबद्दल, आणि मग सांगायचं. की आधी सांगूनच टाकायचं? तो रडणार हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर तो रडावा म्हणूनच मी चाललो होतो.

वर्कशॉप होतं. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या. मालक पुढं आला, पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा. नाव तेच. माणूस दुसराच.

मी मोबाइल पुढं केला. त्यानं तो लांब धरून वाचला आणि हसला. म्हणाला, "अहो, मी वाईचा. हिंगोली मी नकाशातसुद्धा बघितली नाही." तिथं उभ्या उभ्या मी लिंक उघडली. तिच्यात नाव, पत्ता, नंबर आणि 'ग्रिल, गेट, शेडची कामे' एवढंच होतं. हिंगोली माझी, प्रेस शॉप माझं. मीच घातलेलं मलाच वाढलं होतं, आणि मी मिटक्या मारत खाल्लं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. माफ करा, तसदी दिली, असं काहीतरी पुटपुटून मी गाडीकडं वळलो.

"पण काम काय होतं?" त्यानं मागून विचारलं.

काही विशेष नव्हतं, सोडा, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "माझी आई गेली. त्याला सांगायचं होतं."

त्यानं माझ्या डोक्याकडं पाहिलं. मागं वळून ग्राइंडर बंद करायला लावला, एक प्लॅस्टिकची खुर्ची फडक्यानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली.

"बसा," तो म्हणाला. "काय झालं होतं आईंना?"

मी बसलो. सांगायला लागलो, आणि मला थांबताच येईना.