गावदेवापाशी एक विनंती

चिचगडची जमुना प्रथमच परदेशी पाहुणीला जंगल दाखवीत होती. गावदेवाच्या झाडाकडे पाहुणी बूट घालूनच निघाली, आणि जमुना जागीच थबकली. थांबवावे, तर पाहुणी दुखावेल. न थांबवावे, तर अनवाणी जाण्याची रीत मोडेल! इंग्रजीत विनंती करायची, तर ‘कॅन यू’ फार रोखठोक वाटेल. मग ‘वुड यू’ की ‘कुड यू’?

“काऊन थांबून राहिली वं? सांग ना तिले!” झाडाखाली बसलेले पुजारी झाडूकाका खेकसले.

जमुनेने आधी स्वतःच्या चपला काढल्या, बुटांकडे बोट दाखवले, हात जोडले. “कुड यू, प्लीज?”

पाहुणी हसली आणि खाली बसून नाड्या सोडू लागली.

“येवढंच होतं ना?”

“येवढंच, काका!” म्हणताना जमुनेचा जीव भांड्यात पडला, आणि तिचे जोडलेले हात आपसूक देवाकडे वळले.