आमचे इवाई आणि वरचे दोन दात

जगातून संपून गेलेल्या जनावरांशी आमच्या इवायांइतका घरोबा ठेवणारा माणूस बालाघाट जिल्ह्यात दुसरा नसेल. इवाई म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. लांजीचे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सख्ख्या भाच्याचं नाव त्यांना आठवत नाही, पण कुठल्या काळातलं पाणमांजर कुणाचं चुलत आणि ते काय खायचं, हे हळदीच्या मांडवातही सांगतात. जुनं जनावर शिंपले कसे फोडत असेल, हे पाहायला त्यांनी एकदा वैनगंगेच्या काठी स्वतःच शिंपला चावला. शिंपला शाबूत राहिला, दाढ गेली. ती दाढ त्यांनी डबीत जपून ठेवली आहे.

मी बैहरच्या बैलबाजारात दोर धरून वर आलेला माणूस. सोयरिकीच्या बैठकीला पुरती तयारी करून गेलो होतो. लग्न आमच्या दारी, म्हणालो. ते "हौ" म्हणाले. मानपान नाही, म्हणालो. पुन्हा "हौ". मग वाकून माझ्या तोंडात पाहत म्हणाले, "चीनमंधी लांडग्याएवढं पाणमांजर होतं. तुमचा जबडा तसाच हाय. दात खाता काय हो रागानं?" सगळी बैठक हसली. आजवर दात मी पाहायचो, तेही बैलांचे. आणि घासाघीस न करता उरकलेली ती सोयरीक मला आजही पचलेली नाही.

पुढे नात झाली आणि तिला आधी वरचे दोन दात आले. आमच्याकडे हे मामाला जड समजतात. माझ्या बायकोनं आमच्या मुलाची, म्हणजे पोरीच्या मामाची, शपथ घातली की शांतीची पूजा होईपर्यंत पोरीला त्याच्यासमोर आणायचं नाही. माहेरी आलेली मुलगी रडत सामान बांधू लागली. मी बायकोची बाजू घेऊन ओरडलो, आणि तेवढ्यात इवाई दारात उभे. त्यांनी नातीचा ओठ उचलला, खुशीनं मान हलवली आणि खाली बसले.

"एक जुनं जनावर होतं," ते म्हणाले. "शहाण्यांनी त्याले पाणमांजराच्या घरात ठेवलं. मग कळलं, ते समुद्रातल्या सील जनावराच्या घरचं असावं. इतके शिकलेले चुकले. तुम्ही दोन दातांवरून पोरीले कोणत्या घरातून काढून राह्यले?"

माझा मुलगाच उठला आणि त्यानं भाचीला उचललं. ती त्याचं बोट कडकडून चावली. त्याला अजून काही झालेलं नाही.

यंदा दिवाळीला इवाई आले तेव्हा त्यांच्या तोंडात मोजकेच दात उरले होते. नात चकलीचा तुकडा वरच्या दोन दातांनी फोडून, ओला करून, त्यांच्या तोंडात घालत होती आणि ते डोळे मिटून तो चघळत होते. बैठकीत माझ्या जबड्याची केलेली थट्टा आता त्यांच्या दातांवरून फेडावी म्हणून मी तोंड उघडलं होतं. मग चकलीचं ताटच त्यांच्याकडे सरकवलं.