दिवसाआड लाल भाजी

लग्न होऊन भंडाऱ्याहून रायपूरला आल्या, त्या पहिल्याच आठवड्यात वनमालाबाई फसल्या. तात्यापारा मोहल्ल्यातल्या घराच्या ओट्याशी टोपलीवाली कलावती थांबली. यांनी विचारलं, भाजी काय काय आहे? तिनं चेच, अमारी, लाल, खेडा अशा जुड्या काढून समोर ठेवल्या. सगळा पालाच. वांगी-बटाटे टोपलीत तसेच.

"आणि ते?"

"ओ तो साग ए दीदी, भाजी नोहय."

इथं भाजी म्हणजे फक्त पाला, हे त्यांना कलावतीनं असं शिकवलं. चौतीस वर्षं झाली. कलावती अजून येते, यजमान अच्युतराव अजून दुधीलाही भाजीच म्हणतात, वनमालाबाई मात्र पाल्याच्या झाल्या. मुलगा विशाल बंगलोरला नोकरीला असतो. सून सोनिया रायपुरातच एका शाळेत शिकवते आणि मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देते.

वनमालाबाईंचे थोरले बंधू यशवंतराव पाला खात नसत. "ते बकऱ्याइचं खाणं आहे," म्हणत. दोन वर्षांपूर्वी ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेले. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की सख्ख्या भावंडांनी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. वनमालाबाईंनी ते नीट ऐकलं आणि त्यातून भलताच अर्थ काढला. भाऊ पाला खात नव्हता म्हणून त्याला झालं. आपण तर रोज खातो.

तरी मन राहिना. मोबाइलवर येईल ते त्या वाचू लागल्या. लसूण एका ठिकाणी कच्चा, दुसऱ्या ठिकाणी शिजवलेला. हळद दुधातून घ्यावी, दुधातून मुळीच घेऊ नये. आलं उपाशीपोटी, आलं उपाशीपोटी कधीच नाही. मेथीदाणे भिजवून की भाजून, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दोन्ही करत.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांना संडासात लाल दिसलं. त्यांनी वाकून पुन्हा पाहिलं. मग आठवलं, आदल्या दिवशी लाल भाजी केली होती. ती भाताला रंगवते, ताटाला रंगवते, मग पोटातून जाताना रंग कुठे टाकून येईल? त्या निश्चिंत झाल्या. आठ दिवसांनी पुन्हा दिसलं. त्या दिवशी आठवून आठवून त्यांना दोन दिवसांपूर्वीची भाजी सापडली. तिसऱ्या वेळी सापडायला फार मागे जावं लागलं.

त्यानंतर घरात लाल भाजी दिवसाआड होऊ लागली.

"अवं, परवा लाल, आज लाल," अच्युतराव म्हणाले. "माह्या बनियनीले डाग पडला तो बी लालच. छत्तीसगडात दुसरं काही पिकत नाही का?"

"तब्येतीले चांगली असते."

"मग तुहीच तब्येत चांगली होऊ दे. मले बटाटा दे."

त्या हसल्या नाहीत. भाजी पोटात असली की सकाळी काहीही दिसलं तरी त्याला कारण होतं.

फेब्रुवारीत सोनियानं न विचारता तेलीबांध्याकडच्या एका दवाखान्यात दुर्बिणीच्या तपासणीसाठी शुक्रवारची वेळ घेतली आणि सूचनांचा कागद वाचून दाखवला. "तीन दिन पहले से भाजी बंद, सलाद बंद, बीजवाले फल बंद. चावल, दही, पतली दाल चलेगी."

"भाजी बंद म्हणजे? बटाटाबी नाही?" अच्युतराव दचकले.

"बाबा, भाजी मतलब पत्तेवाली. बिना छिलके का आलू चलेगा."

"हव का? मग दर महिन्याले करा हे."

वनमालाबाईंनी कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. "जी वस्तू कॅन्सर होऊ देत नाही म्हणतात, तीच तपासणीच्या आधी बंद? असं कसं वं?"

"पत्ते अंदर चिपके रहते हैं, मम्मी. डॉक्टर को कुछ दिखेगा नहीं."

दिखेगा नहीं. वनमालाबाईंनी कागदाची बारीक घडी घातली.

मंगळवारी लाल दिसलं. सोमवारी भाजी खाल्ली होती, हिशेब जुळत होता. बुधवारी काही नव्हतं. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी अच्युतरावांना विचारलं, "काहून उगाच जायचं? फोन करून नाही म्हणून टाकू का?" ते म्हणाले, सुनेले विचार.

गुरुवारी सकाळी पुन्हा दिसलं.

स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी बुधवार आठवला. भात, पातळ वरण, दही, साल काढलेला बटाटा. मंगळवार आठवला. तेच. वरणातली हळद? ती पिवळी. मग सोमवारची भाजीच थांबली असेल का इतकी, की एक दिवस सोडून आली?

बाहेर कलावतीची हाक आली. "दीदी, लाल भाजी ले ले, ताजी हे."

वनमालाबाईंनी दोन जुड्या उचलल्या. देठ बोटांना गुलाबी रंग लावत होते. ही आज खाल्ली तर उद्याच्या लालला कारण मिळेल. आजच्याला कुठून आणायचं? जुड्या हातातच राहिल्या. शेवटी कलावतीनंच त्या काढून घेतल्या आणि विचारलं, "तबियत बने नइ हे का?"

संध्याकाळी सोनिया जुलाबाची पूड पाण्यात ढवळत होती. दुसऱ्या हातानं दवाखान्याचा फॉर्म भरत होती. नाव, वय, घरात कुणाला आजार. भाऊ, असं तिनं लिहिलं. "मल में खून, हाँ या नहीं," असं पुटपुटत पेन 'नहीं'वर नेलं.

"थांब," वनमालाबाई म्हणाल्या. "हाँ लिही."

सोनियाचं ढवळणं थांबलं. "कब से?"

"दिवाळीपासून. मले वाटलं भाजीचं आहे. मग मीच करत गेले ती, दिवसाआड. भाजीचंच वाटावं म्हणून."

अच्युतराव टीव्हीचा आवाज कमी करून दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या बनियनवर तो डाग अजून होता.

"आता तूच सांग," वनमालाबाई सुनेला म्हणाल्या. "भाजीनं मले इतके दिवस राखलं, का झाकलं?"

"कल दिख जाएगा, मम्मी."

सोनियानं 'हाँ'वर खूण केली. पुढे 'कब से' लिहायला जागा कमी होती, म्हणून 'दिवाली' एका ओळीत आणि 'से' खालच्या ओळीत आलं. मग तिनं पेला पुढे केला. वनमालाबाईंनी तो घेतला आणि आत रंग कोणता आहे ते आधी उजेडात धरून पाहिलं.