कुत्र्याचा दगड कुठं हाय?

गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पावसाळाभर गोदामात ठेवले तर पाघळतात. किस्से जितके जुने करावेत तितके घट्ट होतात. आमच्या जीपमधले तर आता फोडायलाही जड झालेत.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बाजार बंद असला की आम्ही तिघं व्यापारी रविवारी जीप काढून जुनी ठिकाणं बघायला निघायचो. मी गुळाचा अडत्या. बापू शिवाजी पेठेतला, स्पेअर पार्टवाला, जीप त्याची. तिसरा अण्णाप्पा, गडहिंग्लजकडचा मिरचीवाला. शाळेत इतिहास कुणालाच जमला नव्हता, म्हणून आता त्याच्या मागं लागलो होतो.

* * *

पहिली सहल पन्हाळ्याची. अंबरखान्यात, म्हणजे महाराजांच्या वेळी धान्यानं भरलेल्या जुन्या कोठारात शिरलो आणि तिघांच्यातला व्यापारी जागा झाला. हवा कुठून येते, ओल का धरत नाही, पोती कशी रचायची, यावर आमचा वाद पेटला. पुण्याची एक मंडळी आम्हाला माहितगार समजून मागं मागं फिरू लागली.

शेवटी अण्णाप्पानं तिथं बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "हे भाड्यानं मिळंल काय ओ?"

म्हातारा म्हणाला, "पावणं, आदीच्या भाडेकरूनं अजून किल्ली दिली न्हाय."

* * *

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बघितलंत का? पुढच्या मंडपाला वर गोल मोकळं आभाळ आहे. बापू खालच्या गोल शिळेवर उताणा पडला आणि म्हणाला, "छप्पर टाकायच्या आदीच कंत्राटदार पळालेला दिसतोय."

फुलं विकणारी बाई तिथंच होती. "एवढं खांब घडवणाऱ्याला छप्पर परवडत न्हवतं व्हय रं? ऊठ तिथनं."

बापू उठला. पुढं सगळं देऊळ त्यानं हात जोडूनच बघितलं.

* * *

अण्णाप्पा मात्र कुठंही गेला की आधी वीरगळ शोधायचा. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला कोरीव दगड. त्याच्या घराण्याचाही एक होता. पूर्वज घोड्यावर, मागं त्याचं कुत्रं. दोघं एकाच लढाईत पडले म्हणे. घरात लग्न ठरलं की त्या दगडापाशी नारळ फोडायचा आणि पहिला तुकडा कुत्र्याला टाकायचा, ही रीत.

दगड गावाबाहेर हमरस्त्याला होता. रस्ता रुंद झाला त्यात तो कुठं गेला, कुणाला पत्ता नाही. आणि अण्णाप्पाच्या थोरलीचं लग्न ठरलेलं!

त्याची आई, आमची अव्वा, कानडीत एकच सांगायची : "कल्ल सिगली, आम्याल मदवी." आधी दगड सापडू दे, मग लग्न. वरपक्ष चुळबुळ करायला लागला होता. दुसऱ्या पोरी दाखवणारे टपलेलेच होते.

"तुझ्या लग्नात नारळ फोडलास न्हवं?" बापू म्हणाला. "दगड कसा दिसतोय त्ये तरी सांग."

"बाशिंग डोळ्यावर आलतं," अण्णाप्पा म्हणाला. "दिसंल तेवढं तिच्याकडं बघत हुतो."

* * *

मग शोध सुरू झाला. एका गावात पारावर बसलेल्या माणसाला अण्णाप्पानं विचारलं, "कुत्र्याचा दगड कुठं हाय?"

त्यानं आमच्या तिघांच्या पायांकडं बघितलं. "कुणाला चावलंय?"

"चावलं न्हाय. आमचाच हाय त्यो."

"तुमचंच कुत्रं? तरी सुई घ्या पावणं. दगड लावून इष उतरत न्हाय." आणि आमची जीप दवाखान्याच्या दिशेनं वळेपर्यंत तो रस्त्यात उभा राहिला.

* * *

गडहिंग्लजच्या त्या हमरस्त्यावर आमचं चहाचं एक ठरलेलं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर आणि गिऱ्हाइकांना बसायला बाहेर दोन धोंड्यांवर आडवी टाकलेली लांब शिळा. त्या दिवशीही हात हलवत परत येऊन तिथं टेकलो. अण्णाप्पानं नेहमीसारखं पहिलं बिस्कीट समोरच्या तांबड्या कुत्र्याला टाकलं. सवयच त्याची ती.

"तुझा धंदा मिरचीचा का कुत्र्यांचा रं?" बापूही नेहमीसारखाच म्हणाला.

आमच्या जुन्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. टॉवेलाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून सौदा ठरवायचा. तेव्हा माणसाचा चेहरा असतो, तसा अण्णाप्पाचा झाला होता. एक हात शिळेखाली गेला होता.

"लागला काय भाव?" मी विचारलं.

त्यानं माझा हात धरून शिळेखाली ओढला. आधी घोड्याचे खूर लागले. बोटं मागं सरकवली, तर चार बारके पाय. वर आकडा झालेली शेपटी.

चहावाला कपबशी घेऊन उभाच. "रस्त्याच्या कामात पडलाता. एक बाजू गुळगुळीत हुती, म्हटलं बसायला हुईल."

चौघांनी मिळून शिळा उलटी केली. बापू, जो त्यावर बसून इतकी वर्षं भजी खात आला होता, पायातल्या चपला काढून लांब जाऊन उभा राहिला.

* * *

पुढच्या रविवारी जीपमधून अव्वाला आणलं. म्हातारीनं शिळेवरनं हात फिरवला, नारळ फोडला आणि पहिला तुकडा तांबड्या कुत्र्यापुढं ठेवला. ते ऐटीत उठलं आणि खाऊन पुन्हा शिळेशेजारी बसलं.

"हे कुणाचं?" अव्वानं चहावाल्याला विचारलं.

"कुणाचं न्हाय, अव्वा. हाकललं तरी हितंच बसतंय. ह्याच्या आदी ह्याची आई बसायची."