उन्हातला रांजण

चौसाळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून एक ड्राइव्ह-थ्रू हॉटेल होणार होतं. गाडीतून उतरायचं नाही. एका खिडकीत काय हवं ते सांगायचं, पुढच्या खिडकीतून पुडकं घ्यायचं आणि निघायचं. जेवायला इतकी घाई बीड जिल्ह्यात कुणाला आहे, असा प्रश्न मला पडला होता. पण तो विचारणं माझ्या कामात बसत नव्हतं. मी रस्त्यांच्या खात्यातली अभियंता. हॉटेलामुळे वाहतुकीला काय अडचण होईल, झाडांचं काय होईल, हे जागेवर जाऊन बघायचं आणि अभिप्राय लिहायचा, एवढंच माझं काम.

उन्हाळा ऐन भरात होता. जागेचा तरुण मालक गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून उभा होता. नकाशात हिरवळ होती, कारंजं होतं, पामची झाडं रांगेत उभी होती. "म्याडम, समदं हिरवंगार करणार हाय," तो म्हणाला. जागेवर मात्र एकच झाड होतं, एक कडुनिंब, तेही नेमकं गाड्या बाहेर पडायच्या फाटकापाशी. नकाशात त्याचा पत्ताच नव्हता.

गाडीत बसल्यावर डोळे जितक्या उंचीवर येतात तितकी वाकून मी फाटकाच्या जागी उभी राहिले. चौसाळ्याकडून येणारं वाहन कडुनिंबाच्या बुंध्याआड गडप व्हायचं आणि एकदम अंगावर यायचं. उसाच्या दिवसांत इथून दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात, ते ब्रेक दाबला म्हणून थांबत नाहीत. झाड अडचणीचं होतं, हे खोटं नव्हतं.

झाडाखाली लाकडी तिवईवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला रांजण होता. बाजूच्या पांदणीतून, शेतांमधल्या अरुंद कच्च्या वाटेनं, मेंढरं हाकत एक म्हातारी आली.

"काय मोजायलात बाई?"

मी सांगितलं. तिनं आधी रांजणातून लोटा भरून माझ्या हातात दिला. माझं आडनाव विचारलं नाही. आमच्या आज्याला पाणी वरून ओंजळीत ओतत असत. आमच्या घरात असा हातात दिलेला लोटा कुणी विसरत नाही.

"ह्यो लिंब माझ्या लेकानं लावलाय. शाळंत होता तवा," ती म्हणाली. "इथंच गेला त्यो. मेंढरं रस्त्याच्या पल्याड घालताना. ट्रकनं."

तेव्हापासून ती दर पाडव्याला इथं रांजण मांडते आणि मिरगापर्यंत रोज भरते. एसटीची वाट बघणारे, नारायणगडाला पायी निघालेले, कुणीही पितं.

"येक झाड गेलं तर धा लावू की," मालक मागून म्हणाला.

"झाडाचे सुटे मिळत नाहीत," मी म्हणाले. माझा स्वभाव तसा तिखटच.

त्या पाण्याला जागायचं असं मी ठरवून टाकलं. नकाशा घेऊन बसले आणि वाट काढली. गाड्या हायवेवर न सोडता बाजूच्या पांदणीत सोडायच्या, तिथून वळून त्या हायवेला लागतील. झाडाला धक्का नाही. जागा अरुंद, तिसरा मार्ग नव्हताच. मालकही तयार झाला. अभिप्राय पाठवण्याआधी मी मुद्दाम म्हातारीकडे गेले. खरं सांगायचं तर, आशीर्वाद घ्यायला गेले होते.

"मावशी, तुमचा लिंब वाचला," मी म्हणाले आणि सगळं समजावून सांगितलं.

ती हसली नाही. "मंग माझी मेंढरं कुठून जायची?"

मी नकाशातली पांदण पुन्हा बोटानं शोधली.

"पांदणीत गाड्या घुसल्यावर कसं व्हायचं? आता सून चालती मेंढरांम्होरं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लिंब मेलेल्याचा हाय बाई. पांदण जित्यांची हाय. लिंब पाडा."

मला राग आला. तिचा, मालकाचा, त्या दोन खिडक्यांचा. हॉटेलच नको असं लिहायला नियमात कुठं जागा मिळते का ते शोधलं, मिळाली नाही. मग लिहिलं : झाड काढावं, पांदणीकडे भिंत घालावी, तिथून एकही गाडी जाऊ नये. पाम खोडून कडुनिंब लिहिला आणि त्यातलं एक रोप पांदणीच्या तोंडाशी लावावं, असंही लिहिलं.

झाड पाडलं त्या दिवशी मी गेले नाही. म्हातारी गेली होती. आधी रांजणातलं पाणी तिनं बुंध्याला घातलं, आणि तोडणाऱ्यांकडून लाकडाचा एक ओंडका तेवढा मागून घेतला, असं मालकानंच मला सांगितलं.

यंदाच्या चैत्रात त्या रस्त्यानं गेले. हॉटेल जोरात चाललंय. गाड्या फाटकापाशी थांबतात, दोन्हीकडे बघतात आणि निघतात. दूरवरचं दिसतं. अजून कुणाला खरचटलेलंही नाही. मी केलं ते बरोबर होतं, आणि तरीही मला तिकडे बघवत नव्हतं.

पांदणीच्या तोंडाशी गुडघाभर रोप होतं. मेंढरांनी तोंड लावू नये म्हणून म्हातारीनं त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं. शेजारी, भर उन्हात, रांजण होता. तिवई नवी होती, कडुनिंबाच्या लाकडाची.

तिनं मला ओळखलं. लोटा भरून दिला. पाणी कोमट होतं. माझ्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं असावं. तिवईच्या लाकडावर हात ठेवून ती म्हणाली, "काय करावं बाई, लेकरूच उन्हात उभं हाय."

मी तो लोटा संपवला आणि दुसरा मागितला.